ब्रोकबॅक माउंटन : एनिस भेकड आहे का?

लालमाती

(पुढे सगळं कथानक फोडलंय. सिनेमा बघितला नसेल तर आधी बघून या.)

कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं परवा हा सिनेमा बघितला आणि एका ओळीत निकाल देऊन टाकला : "एनिस भेकड आहे, विषय संपला." त्यावर तिघांनी अंगठे दिले आणि गाडी क्रिकेटवर गेली. माझा विषय काही संपेना, म्हणून इथं धागा काढतोय. इथं निदान लोक वाचून तरी भांडतात.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अँग लीचा २००५ चा सिनेमा, ॲनी प्रू या बाईंच्या कथेवरचा. १९६३ चा उन्हाळा, अमेरिकेतलं वायोमिंग राज्य. एनिस डेल मार आणि जॅक ट्विस्ट, दोघंही विशीच्या आतले, खिशात दमडी नाही, ब्रोकबॅक डोंगरावर मेंढरं राखायच्या कामावर लागतात. तिथं दोघांचं जमतं. खाली उतरल्यावर दोघांची लग्नं होतात, पोरंबाळं होतात, आणि मधली चार वर्षं गेल्यावर जॅकचं एक पोस्टकार्ड येतं. तिथून पुढं सगळं आयुष्य "मासे धरायला जातो" असं घरी सांगून वर्षातनं एखाद-दुसऱ्यांदा डोंगरात भेटणं. जॅक पहिल्यापासून म्हणतोय की आपण दोघं मिळून एक लहानसं रँच टाकू, चार गाई-वासरं ठेवू. एनिस नाही म्हणतो. शेवटपर्यंत नाहीच म्हणतो.

आता माझं म्हणणं. मी कोल्हापूरकडचा, पोरपण तालमीत गेलं. मोठा पैलवान वगैरे झालो नाही, गुडघ्यानं दगा दिला, पण दहावी होईपर्यंत पहाटेचे जोर-बैठका आणि माती चुकली नाही. तालमीत दिवसभर अंगाला अंग लागतं. मानेवर हात, मांडीत मांडी, कुस्ती झाली की एकमेकांना तेल लावून रगडणं. कुणाच्या मनात काही येत नाही आणि कुणी काही बोलतही नाही. पण तेच दोन पैलवान संध्याकाळी हौदाच्या कट्ट्यावर जरा जास्त वेळ गुजगोष्टी करत बसले, की लगेच कुणीतरी शीळ घालायचं, "काय रं, लगीन कधी?" म्हणजे अंगाला कुणाची हरकत नव्हती. मायेला होती. आमच्यात एक पोरगा होता, त्याचा जोडीदार तालीम सोडून मुंबईला कामाला गेला. त्या दिवशी ह्यानं जाणाऱ्याला गळामिठी मारली नाही, मातीत घेऊन असा आपटला की त्याचा खांदा उतरायचा बाकी राहिला. सगळे हसले. मला तेव्हा त्यात वावगं काही दिसलं नव्हतं.

सिनेमात डोंगरावरचा शेवटचा दिवस आठवा. मालकाचा निरोप आलाय की मेंढरं लवकर खाली आणा. दोघांची मस्करी सुरू होते, दोराचा फास टाकणं वगैरे, आणि बघता बघता खरीखुरी मारामारी. नाकातनं रक्त, ते शर्टाच्या बाहीला लागलेलं. निरोप घ्यायचा म्हणजे काय करायचं हे दोघांनाही माहीत नाही, ठोसे तेवढे माहीत आहेत. नंतर गावात दोघं अगदी कोरडं "चला, येतो" करून वेगळे होतात, जॅकची गाडी वळणापलीकडं जाते आणि एनिस एका बोळात शिरून गुडघ्यावर बसतो, भिंतीवर बुक्क्या मारतो, त्याला उमासे येतात पण पोटातनं काही पडत नाही. तेवढ्यात एकजण जाता जाता बघतो, तर त्याच्यावर खेकसतो. हीथ लेजरनं तो प्रसंग असा केलाय की मला माझीच तालीम दिसली.

आणि आता मुद्दा. दुसऱ्यांदा बघताना लक्षात आलं की अख्ख्या सिनेमात एनिसला "त्या" कारणावरून कुणी बोटसुद्धा लावत नाही. मालक आगिरेनं वर डोंगरावर दुर्बिणीतनं बघितलंय, तो काय करतो, तर पुढच्या वर्षी जॅकला काम देत नाही आणि एक घाण टोमणा मारतो. बायको अल्मा दोघांचं जिन्याखालचं चुंबन दारातनं बघते आणि वर्षानुवर्षं गप्प बसते. बाकी जी काही मारामारी दिसते ती एनिसनंच ओढवून घेतलेली : चार जुलैच्या, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आतषबाजीत दोन मोटरसायकलवाल्यांना लाथा घालणं, नंतर एका ट्रकवाल्याशी उगाच भिडणं. मग भीती कुणाची? ती त्याच्या बापानं घालून ठेवलेली. अर्ल आणि रिच नावाचे दोन म्हातारे एकत्र रँच चालवायचे. त्यातल्या अर्लला कुणीतरी टायर खोलायच्या लोखंडी पहारीनं मारून चरात टाकलं. एनिस तेव्हा नऊ वर्षांचा. बापानं त्याला आणि त्याच्या भावाला मुद्दाम नेऊन ते प्रेत दाखवलं. एनिसला तर संशय आहे की ते काम बापानंच केलं असेल.

नऊ वर्षांच्या पोराला मर्द कसं व्हायचं ते असं शिकवलं असेल, तर तो भेकड कसा? की भेकडच, आणि मी उगाच त्याची बाजू घेतोय? बोला.

---

दुपारची_कॉफी

लालमाती, लिहिलंय छान, पण अल्माला तुम्ही अर्ध्या वाक्यात उरकलंत. "वर्षानुवर्षं गप्प बसते" म्हणे. तिचं गप्प बसणं कसलं होतं ते सिनेमाने चांगलं मोजून दाखवलंय.

घरात दोन लहान मुली. ही वाणसामानाच्या दुकानात कामाला. एकदा हा बाबा ती कामावर असताना मुलींना दुकानातच आणून सोडतो, कारण ह्याला गाईंच्या वितीसाठी जायचंय. तिथेच बरण्यांची रास कोसळते, मालक बघतोय, मुली पायात. हा गेला पण. बाईने नोकरी, मुली, दुकान आणि जिन्याखाली बघितलेलं ते सगळं एकाच वेळी सांभाळायचं.

आणि ती माशांची टोपली! घटस्फोटानंतर अल्माने दुकानाच्या मालकाशी लग्न केलंय, थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचं जेवण आहे, एनिसही पाहुणा म्हणून आलाय. स्वयंपाकघरात भांडी घासता घासता ती सांगते : एवढी वर्षं तू मासे धरायला जायचास, एकदा मी टोपली उघडून बघितली, तर पाच वर्षांनीही तिला किमतीचं लेबल तसंच. मग मी गळाच्या दोरीला चिठ्ठी बांधली, घरी थोडे मासे आण म्हणून. तू परत आलास, मी बघितलं, चिठ्ठी जागच्या जागी. दोरीला पाणी लागलेलंच नव्हतं.

हे ऐकल्यावर तुमचा एनिस काय करतो? तिचं मनगट पिरगळतो, मूठ उगारतो. तो ट्रकवाला ज्याच्याशी तो "उगाच" भिडतो, तो ह्याच रात्रीचा. बापाने शिकवलं ते सगळं मान्य. पण बापाला विचारायला तो काही वर गेला नाही, राग काढला तो स्वयंपाकघरात, बाईवर. मर्दपणाचं बिल नेहमी घरातल्या बाईच्या नावावर का फाटतं, ह्याचं उत्तर तालमीत मिळत असेल तर सांगा.

अल्माचं काम करणाऱ्या मिशेल विल्यम्सला तेव्हा ऑस्कर मिळायला हवं होतं, हे जाता जाता.

---

चिनूक

मी गेली बरीच वर्षं कॅनडात, कॅलगरीत आहे. हा सिनेमा वायोमिंगचा म्हणून दाखवला तरी चित्रीकरण आमच्या अल्बर्टा प्रांतातलं आहे. ते डोंगर कॅनानास्किसकडचे. मराठी मंडळाच्या ट्रिपला तिकडे गेलं की कुणीतरी हमखास "इथेच तो तंबू होता" म्हणून फोटो काढतं आणि बाकीचे काका लोक एकदम पक्षी बघायला लागतात.

मला दोन गोष्टी सांगायच्यात. पहिली, कामाची. लोक ह्याला "काउबॉयचा सिनेमा" म्हणतात, पण दोघे आहेत मेंढपाळ, तेही रोजंदारीचे. गुराख्यांच्या त्या जगात मेंढ्या राखणं हे खालच्या दर्जाचं काम. शिवाय सगळी गोष्ट घडते ती मालकाच्या एका लबाडीमुळे. जंगल खात्याने तळ ठोकायच्या जागा ठरवून दिलेल्या. पण मेंढ्या चरतात त्या तिथून दूर, आणि कोल्ह्या-कायोटींनी बरेच जीव खाल्लेले. म्हणून आगिरे सांगतो : एकाने ठरलेल्या तळावर राहायचं, स्वयंपाक करायचा. दुसऱ्याने रात्री गुपचूप मेंढ्यांजवळ झोपायचं, छोटा तंबू लपवून, शेकोटी न करता. दिवसातून दोनदा जेवायला तेवढं खाली यायचं. आठवड्याला पुलावर शिधा. म्हणजे कायदा मोडून, लपून, थंडीत एकट्याने झोपायची सवय मालकानेच लावलेली. एके रात्री दारू जास्त झाली, वर जायला उशीर झाला, गारठा पडला, आणि एनिस खालीच थांबला. एवढंच निमित्त. प्रू बाईंनी हे कामाचे बारकावे आधी नीट रचून ठेवलेत, म्हणून पुढचं खरं वाटतं.

दुसरी गोष्ट लालमाती यांच्या मुद्द्याला धरून, पण उलट बाजूने. "त्याला कुणी बोटसुद्धा लावत नाही, भीती बापाने घातलेली" हे वाचताना असं वाटतं की भीती त्याच्या डोक्यातच होती. तशी नव्हती. १९६३ मध्ये अमेरिकेत पुरुषांमधला असा संबंध गुन्हा नसलेलं एकच राज्य होतं, इलिनॉय. वायोमिंगने तो कायदा काढला १९७७ मध्ये. जॅक राहतो त्या टेक्सासमध्ये तर तो २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द करेपर्यंत होता. आणि मूळ कथा 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात आली ऑक्टोबर १९९७ मध्ये. बरोबर वर्षभराने, ऑक्टोबर १९९८ मध्ये, त्याच वायोमिंगात लॅरमी गावाबाहेर मॅथ्यू शेपर्ड नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याला दोघांनी मारून कुंपणाला बांधून टाकलं. तो काही दिवसांनी दवाखान्यात वारला. अर्लची गोष्ट प्रू बाईंनी हवेतून आणली नव्हती. एनिस घाबरतो ते बरोबरच घाबरतो.

---

फटकळ_काका

सगळं खरं, पण मला एकच तक्रार. असल्या सिनेमात शेवटी एकाला मारायचंच का? सुखाने म्हातारे झालेले दोन पुरुष दाखवले तर तिकिटं खपत नाहीत का?

आणि ऑस्करचं म्हणाल तर आठ नामांकनं, मिळाली तीन : दिग्दर्शन, रूपांतरित पटकथा, संगीत. सर्वोत्कृष्ट चित्रपट 'क्रॅश'ला. 'क्रॅश' आज कुणाला आठवतो का, हात वर करा.

---

शेवटचा_बाक

इथे बरेच दिवस वाचत होतो, लिहीत नव्हतो. ह्या धाग्यावर लिहावंसं वाटलं. मी गे आहे. जत तालुक्यातला, आता पुण्यात नोकरीला. आईला माहीत आहे, वडिलांना "माहीत नाही".

हा सिनेमा पहिल्यांदा बघितला तो हॉस्टेलवर, मित्राच्या लॅपटॉपवर, आवाज बंद करून आणि खोलीला आतून कडी लावून. तेव्हा मला एनिसचाच राग आला होता. अजूनही येतो, पण कारण बदललंय. भेकड आहे म्हणून येत नाही. चिनूक म्हणतात तसं, तो बरोबरच घाबरतो. राग येतो तो त्याच्या भीतीची सगळी धावपळ जॅकने करायची ह्याचा.

एनिसचा घटस्फोट झाल्याचं कळतं तो प्रसंग घ्या. जॅक टेक्सासहून गाडी हाणत येतो. गाणं म्हणत येतो, आरशात बघून केस ठीक करतो, कारण त्याला वाटतंय की आता अडसर संपला. दारात पोचतो तर एनिसच्या मुली गाडीत बसलेल्या, महिन्यातला त्याचा त्यांच्याबरोबरचा शनिवार-रविवार. एनिस गोंधळून काहीतरी बोलतोय आणि तेवढ्यात रस्त्यावरून एक पिकअप जाते. अनोळखी. नुसती जाते. एनिसची नजर त्या गाडीवर, ती दिसेनाशी होईपर्यंत. जॅक समोर उभा आहे आणि हा गाडी बघतोय. मला तो प्रसंग दुर्बिणीपेक्षा, टोपलीपेक्षा जास्त लागतो. कारण असं माझ्याशी झालंय. लक्ष्मी रोडवर. मी बोलतोय आणि समोरचा माझ्या खांद्यावरून मागे बघतोय, कुणी गावाकडचं तर नाही ना. तो आता लग्न करून सुखात आहे असं ऐकतो. त्याचं नाव अजून माझ्या फोनमध्ये "प्लंबर" आहे.

जॅकलाही कमी मर्द समजू नका बरं का. तो बैलावर बसणारा रोडिओवाला आहे. सासरा त्याला कस्पटासमान लेखतो. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला पोराने नीट जेवावं म्हणून जॅक टीव्ही बंद करतो, सासरा उठून परत लावतो, पोरगं पुरुष व्हायचं असेल तर फुटबॉल बघू दे म्हणतो. जॅक परत बंद करतो आणि म्हाताऱ्याला असा दम देतो की सासरा गप खाली बसतो, आणि बायको लुरीन हळूच हसते. अख्ख्या सिनेमात पुरुषासारखं पुरुष म्हणतात ते वागणं मला ह्या दोन मिनिटांत दिसतं, आणि ते करतो कोण, तर ज्याला जग मर्द मानणार नाही तो.

फटकळ काका, तुमच्या तक्रारीवर उतारा मराठीतच आहे. रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' बघा. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आपल्याकडे थिएटरला लागला. मुंबईत कॉल सेंटरला असलेला आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, तिथे लहानपणचा मित्र बाळ्या. अनवाणी फिरायचं, हे खायचं नाही, ते घालायचं नाही, आणि सगळे नातेवाईक "आता वर्षाच्या आत लग्न कर" म्हणून मागे. त्यातले पुरुष रडतात, एकमेकांच्या कुशीत पडून राहतात, शेळ्या चारतात, आणि कुणी कुणाला ठोसा मारत नाही. आईला सगळं ठाऊक आहे आणि ती पोराच्या बाजूची आहे. माझ्या शेजारी थिएटरात एक आजी बसल्या होत्या. मध्यंतरात म्हणाल्या, "पोरगं चांगलं आहे हो, उगाच छळतात त्याला." मला पुढचा अर्धा तास पडदा नीट दिसला नाही.

---

लालमाती

शेवटचा_बाक, लिहिलंत ते बरं केलंत. त्या पिकअपचा प्रसंग मी दोनदा बघूनही माझ्या हातातनं सुटला होता. आज पुन्हा लावला. खरंच नुसती एक गाडी जाते राव.

चिनूक, धोका खरा होता हे मान्यच. माझं एवढंच की धोका खरा असला तरी त्याचा रखवालदार एनिस स्वतःच होऊन बसतो. शेवटचा फोन घ्या. लुरीन सांगते, जॅक टायरमध्ये हवा भरत होता, टायर फुटला, रिम तोंडावर बसली, रक्तात गुदमरून गेला. ती बोलतेय आणि आपल्याला पडद्यावर दिसतंय ते वेगळंच, तीन माणसं एकाला पहारीनं मारताहेत. खरं काय झालं ते सिनेमा सांगत नाही. पण एनिसला दिसलं ते बापानं दाखवलेलंच. टायर म्हटलं की त्याला पहारच आठवणार. आणि मग तो जॅकच्या आईबापाकडं जातो तर तो खडूस म्हातारा सांगतो, जॅक म्हणायचा एनिसला आणीन, आपण रँच नीट करू. मग अलीकडं म्हणायला लागला होता की टेक्सासचा दुसरा कुणी शेजारी आणतो. एनिसनं जिथं नाही म्हटलं तिथं दुसरा कुणी हो म्हणायला तयार होता. मला वाटतं ते त्याला मरणाच्या बातमीपेक्षा जास्त लागलं असणार.

वर खोलीतल्या कपाटात ते दोन शर्ट सापडतात, रक्त लागलेले, एकात एक घातलेले. एनिसला वाटत होतं आपला शर्ट डोंगरावरच राहिला. जॅकनं तो चोरून नेलेला, वीस वर्षं जपलेला. कपाटात जॅकचा शर्ट वर आणि एनिसचा आत होता. शेवटी एनिसच्या घरी बघा, उलटं आहे. एनिसचा वर, जॅकचा आत. सिनेमा त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

दुपारची_कॉफी, तुमचा टोला लागला. तालमीत ह्याचं उत्तर नाही. तालमीत बाईला पायरी चढायलाही बंदी होती, तिथं काय उत्तर असणार. पण एक विचारतो. शेवटी पोरगी येते, लग्नाला या म्हणते. एनिस आधी नेहमीचंच सुरू करतो, गुरं गोळा करायचं काम आहे वगैरे, आणि मग म्हणतो जाऊ दे, त्यांना दुसरा गडी बघू दे, मी येतो. आयुष्यात पहिल्यांदा तो कामाच्या आड लपत नाही. हे तुमच्या हिशोबात जमेला धरणार की नाही?

---

दुपारची_कॉफी

पोरीच्या खात्यात जमा. अल्माच्या खात्यात नाही. खाती वेगळी आहेत.

---

नवीन_सभासद

धागा वाचून काल रात्री बघायला घेतला. एनिस काय बोलतो ते अर्धं कळलंच नाही. माझ्या कानाचा दोष की स्पीकरचा?

---

चिनूक

दोन्ही नाही. इंग्रजी सबटायटल लावा. इथे जन्मलेली माझी मुलगीसुद्धा सबटायटल लावूनच बघते. लेजर मूळचा ऑस्ट्रेलियाचा, त्याने मुद्दाम ओठ जवळजवळ न उघडता सगळं म्हटलंय, जबडा आवळून. जॅक मात्र स्पष्ट बोलतो, त्याचं सगळं कळेल. आणि तंबूच्या प्रसंगाला फार पुढे पळवू नका, त्यानंतरच्या सकाळी एनिस वर जातो तेव्हा एक फाडलेली मेंढी दिसते, ती बघून घ्या.